काळ्या मातीवरचे आधुनिक घर : एक आढावा

निसर्गाशी जुळवून बांधलेले आधुनिक घर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अलिबागची नारळीची वाडी येते, नाहीतर लोणावळ्याचा धुक्यातला उतार. पारनेर किंवा पाथर्डीचा मे महिन्यातला तापलेला माळ सहसा येत नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत महाराष्ट्रात या विषयावर जे बांधले गेले आणि लिहिले गेले, त्यातला मोठा भाग समुद्रकिनाऱ्याचा आणि घाटमाथ्याचा आहे. या लेखात तो वाद कुठवर आला आहे हे पाहायचे आहे, पण उभे राहायचे आहे ते अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात. इथे निसर्ग म्हणजे पाहण्यासारखा देखावा थोडा, आणि ऊन, माती व पाणी यांचा रोजचा हिशेब जास्त.

जमीन आणि जुनी घरे

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आणि त्याचा स्वभाव एक नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर. तिथे घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघाले की पाऊस झपाट्याने आटत जातो आणि खुद्द नगर शहराच्या आसपास वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, शेवगावकडे गोदावरी-प्रवरेच्या काठची खोल काळी माती, तर पारनेरकडे मुरमाड माळ आणि उघडा खडक.

जुनी घरे हा फरक ओळखून होती. अकोल्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची घरे कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली; छप्पर उतरते आणि वळचण खाली ओढलेली, म्हणजे पाऊस भिंतीला लागू नये. पठारावर याच्या उलट. पाऊस कमी, ऊन प्रखर, म्हणून सपाट माळवद. जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, त्यांवर किलच्या, पाला, चिखल आणि वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाआधी या मातीचा नवा हात द्यायचा, हे वर्षाचे ठरलेले काम. खिडक्या लहान, देवळ्या खोल, मध्ये चौक असला तर उत्तम. गावठाण पांढरीवर आणि शेत काळीवर, ही वाटणीही नुसत्या सोयीची नव्हती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टाकला तर भिंत तडकते, हे गवंड्याला पुस्तकाविना ठाऊक होते.

श्रीमंतांनीही हाच हिशेब मांडला होता. निजामशाहीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरजवळ उभा राहिलेला फराहबाग हा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध होता. भोवतालच्या पाण्यावरून येणारा वारा उंच मध्य दालनात घ्यायचा, ही त्यामागची युक्ती. शहराला पाणी पुरवणारे खापरी नळ त्याच काळातले. आज तळे कोरडे असते आणि महाल पडका आहे, पण इथल्या उन्हाशी वास्तुरचनेने कसा व्यवहार केला, याचा जिल्ह्यातला हा सर्वांत भव्य दाखला.

आधुनिक घर इथे कसे आले

मुंबई-पुण्यात आधुनिक घर वास्तुविशारदाच्या कागदावरून आले. नगर जिल्ह्यात ते कालव्याच्या पाण्यावरून आले, असे म्हटले तर चूक होणार नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडचे तालुके भिजले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाचा पैसा आला, तशी कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात, वस्तीवर राहायला गेली. वस्तीवरचे नवे घर स्लॅबचे. पुढे पोर्च, वर गच्ची, बाजूला गोठा, चारी बाजूंनी ऊस. त्याचा आराखडा बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरने काढलेला आणि गवंड्याने वाटेत बदललेला असे.

या घराला वास्तुकलेच्या इतिहासात जागा नाही, पण जिल्ह्यातले खरे आधुनिक घर हेच. आणि ते भूगोलाने घडवलेले नाही असेही नाही. पाटाच्या पाण्याने त्याची जागा ठरवली, काळ्या मातीने त्याचा पाया ठरवला. ऐपत असलेल्यांनी खालच्या टोकाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घातले. उन्हाकडे मात्र या घराने पाठ फिरवली. दिवसभर तापलेला पाच इंची स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळे घर गच्चीवर झोपायला जाते. माळवदात हा प्रश्न असा नव्हता.

तरी लोकांनी माळवद सोडले, आणि याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बहुतेक मृत्यू दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड धाबे कोसळून झाले. दर वर्षी चढत गेलेल्या पांढऱ्या मातीचे वजन, एकमेकांना न बांधलेल्या डबराच्या भिंती आणि कोपऱ्यात साखळी नसणे, ही तज्ज्ञांनी सांगितलेली कारणे. सामान्य माणसाने त्यातून एकच अर्थ काढला : दगड-माती मारते, सिमेंट वाचवते. पुनर्वसनाच्या काळात जुनी घरे पट्टे घालून, कोपरे बांधून मजबूत करता येतात हे दाखवण्याचे प्रयत्नही झाले, पण भीती युक्तिवादाने जात नाही. किल्लारीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतही त्यानंतर माळवदे उतरू लागली. स्थानिक साहित्याच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला पहिले उत्तर या रात्रीला द्यावे लागते, आणि ते टाळून लिहिलेले लेख मला अपुरे वाटतात.

विचारांच्या तीन वाटा

महाराष्ट्रातल्या चर्चेत साधारण तीन वाटा दिसतात. त्या एकमेकींना छेदतात, पण सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करतात.

पहिली वाट जागेतून घर उगवते असे मानणारी. तिचा जागतिक आदर्श फ्रँक लॉइड राइट. पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर त्यांनी १९३०च्या दशकात बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ आजही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी दाखवतात. (त्याचे बाहेर झुकलेले काँक्रीटचे सज्जे पुढे वाकत गेले आणि २००२च्या सुमारास ते पोलादी तारांनी ताणून सावरावे लागले, हे दरवेळी सांगितले जातेच असे नाही.) महाराष्ट्रात या वाटेचा माणूस म्हणजे नारी गांधी. १९३४मध्ये सुरतेत जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले, राइट यांच्या टॅलिएसिनमध्ये काही वर्षे काम करून परतलेले. कोर्लई, कार्ला, लोणावळा, अलिबाग इथली त्यांची घरे दगडी भिंती, विटांच्या कमानी आणि झाडांभोवती वळणारे नकाशे यांसाठी ओळखली जातात. ते कागदावर आराखडे जवळजवळ काढत नसत. जागेवर गवंड्यांबरोबर उभे राहून घर ठरत जाई. १९९३मध्ये ते गेले आणि ती पद्धतही त्यांच्याबरोबर बरीचशी गेली. कोल्हापूरचे शिरीष बेरी यांच्या कामातही जागेशी असलेले हे नाते दिसते, अर्थात स्वतःच्या अंगाने.

दुसरी वाट हवामानाची. तिचे सर्वांत स्पष्ट प्रवक्ते चार्ल्स कोरिया. इमारतीचा आकार हवामानातून यावा, आणि उष्ण देशात उघड्या आकाशाखालची जागा हीदेखील खोलीच आहे, हे त्यांचे दोन आग्रह. अहमदाबादेतील त्यांचे ‘ट्यूब हाउस’ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे, कमी खर्चाच्या घरांसाठी केलेले. अरुंद, लांब घर. उतरत्या छपराखालून गरम हवा वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते, खालून थंड हवा आत ओढली जाते. पंखा नसलेल्या घरासाठी केलेली ही रचना कोरड्या उन्हाच्या प्रदेशाला, म्हणजे नगरलाही, अलिबागच्या कुठल्याही बंगल्यापेक्षा अधिक लागू पडते. नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात कोरियांनी बांधलेल्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वतंत्र जमीन, सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण आणि पुढे घर वाढवण्याची मुभा होती. तिथले मूळ घर आज ओळखू येणार नाही इतके लोकांनी बदलले आहे. हे अपयश की यश, यावर अजून एकमत नाही. वाढवता येणारे घर म्हणून ते दिले होते, त्यामुळे मला ते यशाच्या बाजूला झुकते वाटते.

याच वाटेवर थोडे मागे गेले तर अहमदाबादेत ल कोर्बुझिएने १९५५च्या सुमारास पूर्ण केलेले साराभाई कुटुंबाचे घर भेटते. विटांच्या कमानदार छतांवर माती टाकून वर हिरवळ लावलेली. माळवदाखाली वाढलेल्या नगरच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही.

तिसरी वाट कारागिरीची. स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांचे नांदगाव येथील ‘पाल्मायरा हाउस’ (२००७) नारळीच्या वाडीत दोन लांब लाकडी पेट्यांसारखे उभे आहे. ताडाच्या लाकडाच्या झडपा, दगडी जोते, मध्ये पाण्याचा हौद. २०१०च्या आगाखान पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होते. चोंडीच्या आमराईत त्यांनी पुढे तांब्याच्या छपराचे घर बांधले. (हे चोंडी अलिबागजवळचे. अहिल्याबाईंचे चोंडी आपल्या जामखेड तालुक्यातले.) सुतार, गवंडी आणि वास्तुविशारद एकाच कार्यशाळेत बसून घर घडवतात, हा या वाटेचा गाभा.

या तिन्ही वाटांना एकत्र बांधणारी सैद्धांतिक चौकट १९८०च्या दशकात केनेथ फ्रॅम्प्टन यांच्या प्रादेशिकतेवरील लेखनातून जगभर गेली : आधुनिकता सोडायची नाही, पण जागेचा उजेड, उतार आणि स्पर्श तिच्यात उतरवायचा. भारतात ही चौकट उत्साहाने स्वीकारली गेली, कारण इथले वास्तुविशारद ते आधीपासून करत होते.

कोपरगाव तालुक्यातले दोन प्रयोग

जिल्ह्यात या चर्चेचा सर्वांत ठोस पुरावा कोपरगाव तालुक्यात आहे, आणि दोन्ही कामे मुंबईच्या समीप पडोरा यांच्या संस्थेची. दोन्ही घरे नव्हेत. पण घराच्या प्रश्नाला दोन्हीही घराइतकीच जवळ आहेत.

साकरवाडीचे ‘जेतवन’ हे बौद्ध समाजासाठीचे अध्यात्म आणि कौशल्य शिक्षणाचे केंद्र. जागेवर दाट झाडी होती आणि अट अशी की एकही झाड तोडायचे नाही. म्हणून एका मोठ्या इमारतीऐवजी झाडांच्या मधल्या मोकळ्या जागांत लहान लहान इमारती बसवल्या. भिंती ठोकून घट्ट केलेल्या, भार पेलणाऱ्या. त्यांचे साहित्य जवळच्या खाणीतल्या काळ्या दगडाची टाकाऊ भुकटी आणि राख. छपराला जहाज तोडणीतून आलेले जुने लाकूड, खाली मातीचे वेटोळे, वर जुनी कौले. छपराचा उतार नेहमीच्या उलट, मधोमध खाली आणि कडांना वर, त्यामुळे आतून नजर बाहेरच्या झाडांकडे जाते. बांधकामात भूजच्या हुन्नरशाळेचा हात होता. कच्छमध्ये भूकंपानंतर मातीच्या भिंती सुरक्षितपणे कशा बांधायच्या यावर या संस्थेने मोठे काम केले आहे, म्हणून किल्लारीच्या भीतीला दिलेले हे एक प्रत्यक्ष उत्तर मानता येते.

दुसरे काम कोपरगावच्या शारदा शाळेतले माया सोमय्या ग्रंथालय, २०१८चे. पातळ विटांच्या थरांची कमानदार छपरे, खाली पोलादी सांगाडा नाही. तंत्र जुन्या कॅटलान कमानींचे, आकार संगणकाच्या मदतीने काढलेला. छप्पर जमिनीतून टेकडीसारखे वर येते आणि मुले त्यावर चालत जातात. सपाट काळ्या मातीच्या मुलखात उंचवटा नव्हता, तो इथे बांधून दिला आहे.

या दोन कामांबद्दलचा मतभेदही प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. एक बाजू म्हणते, स्थानिक कचरा-साहित्य, स्थानिक हात आणि नवे गणित यांचा असा मेळ हाच पुढचा रस्ता. दुसरी बाजू विचारते, देणगीदार संस्था, बाहेरचे तज्ज्ञ आणि संगणकीय आकार यांशिवाय हे दुसऱ्यांदा बांधता येईल का? वस्तीवरच्या गवंड्याला ही कमान उद्या एकट्याने घालता येणार नाही, हे मान्य करावेच लागते. जेतवनच्या भिंती मात्र शिकण्याजोग्या आहेत. खडीच्या खाणी जिल्ह्यात सर्वत्र आहेत आणि त्यांची भुकटी पडून असते.

आक्षेप

निसर्गाशी जुळणाऱ्या आधुनिक घरावर मुख्य आक्षेप तीन, पण त्यांचे वजन सारखे नाही.

सर्वांत जड आक्षेप मालकीचा. नावाजलेली बहुतेक घरे ही दुसरी घरे आहेत. मालक मुंबईत राहतो, घर शनिवार-रविवारी उघडते, आणि ज्या जमिनीतून घर उगवले म्हणतात ती जमीन शेतकऱ्याकडून घेतलेली असते. समर्थक उत्तर देतात की प्रयोगाला पैसा आणि वेळ लागतो. श्रीमंताच्या घरात शिकलेले सुतारकाम उद्या इतरांकडे जाते. जातेही कधी कधी, पण दरवेळी जात नाही.

दुसरा आक्षेप डोंगराचा. उतारावर बांधताना उतारच कापावा लागतो, मग निसर्ग राहिला कुठे? पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा २०११चा अहवाल आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा अहवाल यांच्यानंतर घाटमाथ्यावरच्या बांधकामांवरील वाद मिटलेला नाही. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्याची कारणे काय यावर मतभेद राहिले, तरी उताराशी खेळण्याची किंमत सर्वांना कळली. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि भंडारदऱ्याभोवती पर्यटन वाढते आहे, म्हणजे हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातही आहे.

तिसरा आक्षेप देखभालीचा. लाकडी झडपा, माती आणि कौले वर्षावर्षाला हात मागतात. पांढऱ्या मातीचा हात देणारे घरातले मनुष्यबळ आता पुण्याला नोकरीला आहे.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न घरकुलाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर आणि मैदानी प्रदेशात मूळ १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले. प्रदेशानुसार बदलणाऱ्या घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रहही केंद्राने तयार केला. प्रत्यक्षात गावात उभे राहते ते चार भिंती आणि वर स्लॅब किंवा पत्रा, कारण हप्ता मिळवायला पूर्ण झालेले, फोटोत पक्के दिसणारे घर लागते. कोरियांच्या ट्यूब हाउसमागचा विचार घरकुलातल्या याच माणसासाठी होता. तो त्याच्यापर्यंत का पोहोचला नाही, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

नियमांचेही तसेच. गावठाणाबाहेरच्या भूखंडावर स्वतंत्र घर बांधायचे तर चारी बाजूंनी मोकळे अंतर सोडावे लागते. त्यामुळे शेजारच्या भिंतीची सावली जाते, चौक मधोमध बसत नाही आणि घर सगळीकडून तापते. २०१८च्या इको-निवास संहितेने भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे, पण तिचा रोख शहरातल्या मोठ्या निवासी प्रकल्पांवर आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. जिल्ह्यातले सर्वांत यशस्वी भूदृश्याचे काम वास्तुविशारदांनी केलेले नाही. ते राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने केले : डोंगरावरचे समतल चर, नाला बांध, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, बोअरवेलवर बंधने. गावाची जमीन कशी घडवावी हे या गावांनी देशाला दाखवले. त्या जमिनीवरचे घर कसे असावे, ही चर्चा मात्र त्या कामाच्या शेजारी उभी राहिली नाही. गच्चीवरचे पाणी, अंगणाचा उतार, भिंतीच्या सावलीला लावलेले झाड हे सारे पाणलोटाच्या हिशेबात घेता येते.

तज्ज्ञांत उरलेला खरा मतभेद असा : एका बाजूला स्लॅबच सुधारावा, म्हणजे कौले भरलेला फिलर स्लॅब, चुन्याचा पांढरा हात, गच्चीवर मांडव, दोन छपरांमध्ये हवा, दुसऱ्या बाजूला दगड आणि मातीकडे नव्या बांधणीसह परतावे. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण जिल्ह्यात आज लाखो स्लॅब उभे आहेत आणि ते पाडले जाणार नाहीत. पण कल हा पुरावा नव्हे. नगर, संगमनेर, लोणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि पुण्या-मुंबईच्या वास्तुकला शाळांनी एका उन्हाळ्यात एकाच गावातले माळवद, पत्र्याचे घर, वस्तीचा बंगला आणि घरकुल यांच्या आतले तापमान दर तासाला मोजावे, सोबत बांधणीचा आणि देखभालीचा खर्च मांडावा, आणि तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.